प्रार्थना विनंती पाठवण्याआधी: ख्रिस्ती माणसाने मोबाइलवर पाळायचा क्रम

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारच्या उपासनेनंतर मंडळीतल्या एका बहिणीने मला बाजूला घेतले. गर्भाशयात गाठ आहे, तुकडा तपासायला पाठवलाय, प्रार्थनेत आठवण ठेवा, एवढेच ती म्हणाली. मी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन. घरी पोहोचण्याआधीच तिचे नाव, आजार आणि रुग्णालय लिहून मी ग्रुपवर टाकले. खाली ‘आमेन’ची रांग लागली. संध्याकाळी तोच मजकूर कुणा लांबच्या नातेवाइकाच्या स्टेटसवरून तिच्या सासरी पोहोचला. तिथे तिने अजून कोणाला काही सांगितले नव्हते. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण त्यानंतर दीड वर्ष तिने मला एकही प्रार्थनेचा विषय सांगितला नाही.

तेव्हापासून मी स्वतःच्या आणि आसपासच्या चुका नीट पाहत आलो आहे. वाईट हेतूने होणाऱ्या चुका फार थोड्या. बहुतेक वेळा क्रम चुकतो. आपण आधी पाठवतो, कोणी हटकले की मग खरे-खोटे पाहतो, आणि ज्याची गोष्ट आहे त्याला सर्वांत शेवटी विचारतो किंवा विचारतच नाही. खालचा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. आपल्या मंडळ्यांचा बराच व्यवहार व्हॉट्सॲपवर चालतो म्हणून तेच डोळ्यांपुढे ठेवले आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबसाठी वेगळे नियम लागत नाहीत.

पूर्वतयारी: एका संध्याकाळचे काम

हे आधी करून घ्या. पुढचे टप्पे त्यावरच उभे आहेत.

१. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात ग्रुप्स, आणि तिथे ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा. म्हणजे अनोळखी माणूस तुम्हाला कोणत्याही ‘आशीर्वाद’ ग्रुपमध्ये ढकलू शकणार नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन ठेवा.

२. फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणे बंद करा. व्हिडिओ स्वतः उघडावा लागला की पाहावा की नाही याचा विचार तरी होतो.

३. तुम्ही कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहात, ते कागदावर लिहून काढा. प्रत्येकासमोर लिहा: इथे मला काम आहे, की फक्त वाचत बसतो? दुसऱ्या प्रकारचे ग्रुप म्यूट करा किंवा सोडा. आता ग्रुप सोडला की सूचना फक्त ॲडमिनला जाते, त्यामुळे कोणाचे मन दुखेल ही भीती नको.

४. तुम्ही मंडळीच्या ग्रुपचे ॲडमिन असाल, तर पाळकसाहेबांशी बोलून त्याचे दोन भाग करा. एक सूचनांचा, ज्यात फक्त ॲडमिन लिहू शकतात: उपासनेची वेळ, महिला मंडळाची सभा, कोणाकडे घरगुती प्रार्थना आहे. दुसरा प्रार्थनेचा छोटा गट: आठ-दहा विश्वासू माणसे, ज्यांनी ‘इथले इथेच’ हे तोंडी मान्य केले आहे. दोनशे जणांच्या ग्रुपवर गुप्तता राहत नाही. माणसे कितीही चांगली असली तरी राहत नाही.

५. सकाळच्या वैयक्तिक प्रार्थनेला छापील पवित्र शास्त्र घ्या. मोबाइलवरच वाचत असाल तर आधी फ्लाइट मोड लावा. स्तोत्र उघडायला गेलेला हात वरून घसरलेल्या नोटिफिकेशनवर जातो आणि वीस मिनिटांनी स्तोत्र राहून गेलेले असते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

तपासणी: आज मंडळी सोडून गेलेल्या किती जणांचे नंबर ग्रुपमध्ये आहेत? ग्रुपची जुनी इनव्हाइट लिंक कुठे फिरत आहे? माहीत नसेल तर लिंक रीसेट करा आणि नव्या सदस्यांना ॲडमिनची मंजुरी लागेल अशी सेटिंग लावा.

टप्पा १: ही गोष्ट कोणाची आहे?

काहीही पाठवण्याआधी पहिला प्रश्न हा. खरे आहे का, हा प्रश्न यानंतर येतो, कारण खरी गोष्टसुद्धा आपली नसू शकते.

प्रार्थना विनंतीत सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून सविस्तर लिहितो.

१. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची, त्यालाच विचारा. त्याच्या भावाला, शेजाऱ्याला किंवा ‘मला पक्के माहीत आहे’ म्हणणाऱ्याला नाही. नवरा-बायकोतला विषय असेल तर दोघांनाही विचारल्याशिवाय तो ग्रुपवर येता कामा नये. मुलाचे व्यसन, मुलीचे मोडलेले लग्न, नापास झालेला निकाल या बाबतीत आईवडिलांची परवानगी पुरत नाही. त्या मुलाला किंवा मुलीलाही विचारा.

२. परवानगी नेमकी घ्या. ‘प्रार्थनेला सांगू ना?’ या प्रश्नाला कोणीही हो म्हणते. असे विचारा: नाव लिहू का? आजाराचे नाव लिहू का? कोणत्या गटात? लोकांनी फोन केलेला चालेल का? या चार प्रश्नांची चार वेगवेगळी उत्तरे येऊ शकतात.

३. मग मजकूर लिहा. नेहमी दिसतो तो नमुना असा:

‘अर्जंट प्रार्थना!! आपल्या मंडळीतील बहीण अमुक, वय ३४, यांना अमुक आजार निघाला असून अमुक रुग्णालयात आयसीयूत आहेत. जास्तीत जास्त शेअर करा.’

याऐवजी:

‘आपल्यातल्या एका बहिणीची बुधवारी तपासणी आहे. तिला धीर मिळावा आणि डॉक्टरांना योग्य निर्णय घेता यावा म्हणून प्रार्थना करा. विषय या गटापुरताच ठेवा. तिला फोन करू नका. गुरुवारी कळवतो.’

देवाला वय आणि वॉर्ड नंबर सांगण्याची गरज नाही. तो तपशील आपण एकमेकांसाठीच लिहीत असतो.

४. नाव गाळले म्हणजे ओळख लपली, असे समजू नका. चाळीस घरांच्या मंडळीत ‘शिक्षिका असलेल्या एक बहीण’ म्हटले की सगळ्यांना कळते. गाव, नोकरी, मुलांची संख्या, कोणाची सून, हेही गाळा.

५. विनंती बंद करा. ही पायरी जवळपास कोणीच पाळत नाही. निकाल आला की गटाला कळवा, आभार माना, मूळ मेसेज डिलीट करा. आमच्याकडे एका गृहस्थांच्या आरोग्यासाठीची विनंती ते वारल्यानंतर वर्षाने दुसऱ्या गावाहून फिरत परत आली, ती थेट त्यांच्या मुलाच्या फोनवर. तारीख घातली असती तरी हे टळले असते. म्हणून प्रत्येक विनंतीत तारीख लिहा.

निधनाच्या बातमीलाही हाच नियम. ‘प्रभूमध्ये निद्रिस्त झाले’ हा मेसेज घरच्यांनी किंवा पाळकांनी सांगितल्यावरच टाकावा. परगावी असलेल्या लेकीला बापाचे जाणे ग्रुपवरून कळू नये. शवपेटीतला फोटो तर कधीच नको.

सावधान: ‘अमक्याच्या घरात भांडणे चालली आहेत, प्रार्थना करा’ ही चहाडी आहे. पुढे ‘प्रार्थना’ लिहिल्याने तिचे रूप बदलत नाही. चहाडखोर गुप्त गोष्टी उघड करतो, असे नीतिसूत्रे ११:१३ सांगते.

सावधान: लैंगिक अत्याचार झालेल्या मुलीसाठी प्रार्थना मागताना तिचे नाव, गाव, शाळा, फोटो किंवा आईवडिलांचे नाव लिहू नका. पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पीडित अल्पवयीन असेल तर पोक्सो कायद्याचे कलम २३ ही तेच सांगते. चांगला हेतू हा त्यावर बचाव नाही.

टप्पा २: हे खरे आहे का?

ख्रिस्ती ग्रुपवर वर्षानुवर्षे फिरणारा एक मेसेज आहे. भारतात बौद्ध अतिरेक्यांनी काल रात्री २० चर्च जाळली, आज रात्री ‘ओलिसाबांग’ प्रांतातली २०० चर्च जाळणार, २०० मिशनऱ्यांना चोवीस तासांत मारणार, तातडीने प्रार्थना करा. भारतात ओलिसाबांग नावाचा प्रांतच नाही. त्याचाच जोडीदार म्हणजे अफगाणिस्तानात २२ मिशनरी कुटुंबांना उद्या फाशी देणार, हा मेसेज. जुलै २००७ मध्ये दक्षिण कोरियातील एका मंडळीच्या २३ जणांना तालिबानने खरोखर पळवले होते. दोघांना ठार मारले, बाकीचे सुटले. तशी खरी वेदना पाठीशी असली की खोट्या मेसेजवर विश्वास बसायला वेळ लागत नाही.

यावर ‘खोटे असले तरी प्रार्थनाच तर केली’ असे म्हणणारे भेटतात. मला हे पटत नाही. त्या मेसेजने बौद्ध शेजाऱ्यावर खुनाचा आरोप केला आहे, आणि शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा फॉरवर्ड करणाऱ्यालाही आहे. महाराष्ट्रात आपल्या कितीतरी घरांचे बौद्ध घरांशी रक्ताचे नाते आहे, हे तरी विसरू नये. दुसरे नुकसान असे की खरा छळ झाला तरी लोक विश्वास ठेवेनासे होतात. मणिपूरमध्ये ३ मे २०२३ पासून उसळलेल्या हिंसेत चर्च खरोखर जळली. त्या दुःखाशेजारी भलत्याच देशातला व्हिडिओ चिकटवणे हा त्या लोकांवरच अन्याय आहे.

तपासायचे ते या क्रमाने:

१. मेसेजवर दुहेरी बाण आणि ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ दिसते का? म्हणजे तो पाच किंवा जास्त हातांतून आला आहे. असा मेसेज व्हॉट्सॲप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवू देते. ती अडवणूक तुमच्या भल्याची आहे, कॉपी-पेस्ट करून ती चुकवू नका.

२. तारीख, ठिकाण, नाव आहे का? ‘काल रात्री’ असे लिहिलेला मेसेज दहा वर्षे ताजा राहतो.

३. फोटो गूगल लेन्सवर टाका. जुना असेल तर बहुधा तिथेच कळते.

४. ठिकाणाचे नाव घालून बातमी शोधा. फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर यांची पडताळणी मराठीतही असते.

५. तरीही कळले नाही तर पाठवू नका. स्वतः प्रार्थना करा. त्यासाठी फॉरवर्डचे बटण लागत नाही.

‘आमेन लिहा, आशीर्वाद मिळेल’ म्हणणाऱ्या पानांपासून दूर राहा. फेसबुकच्याच २०१९ च्या एका अंतर्गत अहवालाची माहिती २०२१ मध्ये बाहेर आली. अमेरिकन ख्रिस्ती वाचकांसाठीच्या सर्वांत मोठ्या २० पानांपैकी १९ पाने पूर्व युरोपातल्या ट्रोल टोळ्या चालवत होत्या. वर येशूचे चित्र, खाली वचन, आणि मागे लाइक गोळा करणारा धंदा. आता तर अशी चित्रे एआयने पाहिजे तितकी बनतात. हाताची बोटे, मागची अक्षरे नीट पाहा, आणि पान कोण चालवते ते ‘पेज ट्रान्सपरन्सी’मध्ये बघा.

बिरुयातल्या लोकांनी पौलाचे बोलणेही रोज शास्त्रात तपासून पाहिले, आणि त्याबद्दल त्यांना थोर मनाचे म्हटले आहे (प्रेषितांची कृत्ये १७:११). पाळकांनी पाठवलेला मेसेज तपासणे म्हणजे त्यांचा अपमान, असे समजायचे कारण नाही.

टप्पा ३: वचनाचे कार्ड

हा टप्पा छोटा आहे. वचन स्टेटसला ठेवण्याआधी तो पूर्ण अध्याय वाचा. यिर्मया २९:११ (देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत) हे आपले लाडके वचन, नवीन नोकरीला आणि दहावीच्या निकालाला हमखास लागणारे. त्याच्या आधीच्याच ओवीत बाबेलमध्ये सत्तर वर्षे भरण्याची गोष्ट आहे. ते कैदेत गेलेल्या लोकांना लिहिलेले पत्र आहे. हे ठाऊक असलेला माणूस ते वचन आजारी माणसाला जास्त जपून आणि जास्त आधाराने पाठवतो. कार्डावरचा अध्याय आणि ओवीचा आकडाही पडताळा, तो चुकलेला असतो असे मी बरेचदा पाहिले आहे.

टप्पा ४: राग आला तर

१. कमेंट लिहा, पण फोनच्या नोट्समध्ये. पाठवा दुसऱ्या दिवशी, तेव्हाही योग्य वाटली तरच.

२. मंडळीतल्या माणसाशी वाद असेल तर मत्तय १८:१५ चा क्रम पाळा: आधी दोघांतच, मग एक-दोन जण सोबत घेऊन, मग मंडळीपुढे. ग्रुपवर टाकलेला पहिला टोमणा म्हणजे तिसरी पायरी आधी चढणे. पाळकांविरुद्ध तक्रार असेल तर वडीलजनांकडे जा. ग्रुपवर टाकलेल्या तक्रारीचे स्क्रीनशॉट कुठे जातील ते तुमच्या हातात राहत नाही.

३. इतर धर्माच्या माणसाने विश्वासाबद्दल प्रश्न विचारला, तर १ पेत्र ३:१५ प्रमाणे सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्या. दोन उत्तरांनंतर सार्वजनिक कमेंट थांबवा आणि ‘फोनवर बोलू या, किंवा चहाला या’ म्हणा. तिसऱ्या उत्तरापासून आपण त्या माणसाशी बोलत नसतो, बघणाऱ्यांशी बोलत असतो.

४. दुसऱ्यांच्या देवांची, मूर्तींची, सणांची थट्टा करणारे काहीही पुढे पाठवू नका. आपल्याच काही प्रवचनांच्या क्लिपमध्ये असे बोलणे असते, तेही नको. तुमच्या घरात हळदीकुंकवाला जाणारी काकू आणि वारीला जाणारे आजोबा असतील. ते तुमचे स्टेटस पाहतात.

सावधान: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत धर्माच्या नावाने वैर पसरवणे (कलम १९६) आणि जाणूनबुजून, दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावणे (कलम २९९) हे गुन्हे आहेत. सदस्याने टाकलेल्या मजकुराला, समान हेतू नसेल तर, केवळ ॲडमिन म्हणून माणूस जबाबदार ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. तरी तसा मजकूर दिसताच काढा. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सर्वांसाठी डिलीट करता येतो.

टप्पा ५: फोटो आणि साक्ष

बाप्तिस्म्याचा फोटो हा आनंदाचा असतो, म्हणूनच तो घाईने टाकला जातो. ज्याचा बाप्तिस्मा झाला, त्याने घरी, गावात, नोकरीच्या ठिकाणी काय सांगितले आहे ते तुम्हाला माहीत नसते. त्याच्या तोंडून ‘टाका’ हा शब्द आल्याशिवाय फोटो टाकू नका. नव्याने येऊ लागलेल्या माणसांचे चेहरे थेट प्रक्षेपणात दिसू नयेत म्हणून कॅमेरा व्यासपीठाकडेच ठेवा, आणि शेवटच्या दोन रांगा कॅमेऱ्याबाहेर आहेत हे दारात सांगा. संडे स्कूलच्या मुलांचे फोटो आईवडिलांना विचारून, नाव आणि शाळेचा गणवेश न दाखवता.

दानधर्माचे फोटो मात्र थांबवावेत असे मला मनापासून वाटते. शिधा घेणाऱ्या म्हातारीला पाकीट हातात धरून कॅमेऱ्याकडे बघायला लावणे हे मत्तय ६ च्या पहिल्या चार ओव्यांशी कसे जुळते? हिशेब दाखवायचा असेल तर सामानाचा आणि पावतीचा फोटो काढा.

बरे झाल्याच्या साक्षीबाबत हे तपासा:

१. आजार कोणता होता, निदान कोणी केले, उपचार कोणते चालू होते, हे साक्षीत आहे का?

२. ‘औषध सोडले’ असे वाक्य आहे का? असेल तर तो व्हिडिओ टाकू नका. साखरेचा दुसरा रुग्ण ते ऐकून इन्सुलिन बंद करेल.

३. खाली देणगीचा क्यूआर कोड आहे का? असेल तर काढा. चमत्काराच्या नावाने पैसे मिळवणे किंवा तशा प्रचाराने लोकांना फसवणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसते. तो कायदा कोणत्याही एका धर्मापुरता नाही. देवाने केलेल्या उपकाराची साक्ष आणि देणगीचे आवाहन एकाच व्हिडिओत आले की साक्ष दुबळी होते.

टप्पा ६: पैशाचे आवाहन

पाळकांचा फोटो लावलेल्या नव्या नंबरवरून ‘मी अडचणीत आहे, दहा हजार टाका, सायंकाळी देतो’ असा मेसेज आला तर जुन्या नंबरवर फोन करून आवाज ऐका. मेसेजला मेसेजनेच उत्तर देऊन खात्री होत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

मंडळीसाठी आवाहन करायचे असेल तर मंडळीच्या किंवा न्यासाच्या खात्याचाच क्यूआर द्या, कोणा एका माणसाचा नको. किती जमले, कुठे गेले, ते त्याच ग्रुपवर लिहा. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या मंडळीने परदेशी नागरिकांकडून किंवा परदेशी संस्थांकडून देणगी घेणे बेकायदा आहे. फेसबुकवर टाकलेला क्यूआर कोण पाहील ते सांगता येत नाही, म्हणून आवाहनातच ‘फक्त भारतीय नागरिकांसाठी’ असे स्पष्ट लिहा.

टप्पा ७: चूक झालीच तर

इथेही क्रम महत्त्वाचा आहे, आणि मी तो चुकवला होता.

१. आधी मेसेज सर्वांसाठी डिलीट करा. व्हॉट्सॲपवर त्यासाठी साधारण अडीच दिवस मिळतात. ‘डिलीट फॉर मी’ दाबलेत तर तो फक्त तुमच्या फोनवरून जाईल आणि बाकीच्यांकडे राहील. घाबरलेल्या हाताने हेच दाबले जाते. तसे झाले तर दुसऱ्या ॲडमिनला तो सर्वांसाठी काढायला सांगा.

२. ज्यांनी तो पुढे पाठवला असेल त्यांना एकेकाला फोन करा. त्यांच्याकडून गेलेली प्रत तुमच्या डिलीटने पुसली जात नाही.

३. माहिती खोटी असेल तर जिथे टाकली तिथेच दुरुस्ती लिहा: ‘काल मी पाठवलेली अमुक बातमी खोटी आहे. मी न तपासता पाठवली. पुढे पाठवली असेल तर तिथेही कळवा.’ पण कोणाची खासगी गोष्ट उघडी पडली असेल तर ग्रुपवर माफी मागू नका. त्याने ज्यांना माहीत नव्हते त्यांनाही कळते.

४. ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे जा. चालत, गाडीने, जसे जमेल तसे, पण प्रत्यक्ष. ‘माझा हेतू चांगला होता’ हे वाक्य बोलू नका. काय केले ते सांगा, कोणाकोणाकडे पोहोचले ते सांगा, आणि आता काय करू ते विचारा.

मी त्या बहिणीला तेव्हा फक्त हात जोडलेली इमोजी पाठवली होती. तिच्या दारात गेलो ते दीड वर्षाने. तिने चहा केला आणि सासूबाईंसमोरच सगळे ऐकून घेतले. मागच्या महिन्यात तिने पुन्हा एक विषय दिला. मी चारही प्रश्न विचारले. चौथ्याला ती म्हणाली, ‘फोन नको, पण पाळकबाईंना घरी पाठवा.’